धनुष्याचं कोणतं काम घरी करावं, कोणतं दुकानात द्यावं

धनुर्विद्येच्या सामानाचं दुकान आपल्याकडे सहसा हाकेच्या अंतरावर नसतं. धनुष्य कुरिअरनं येतं, बाण कुरिअरनं येतात आणि दुकानदार व्हॉट्सॲपवर भेटतो. शनिवारी संध्याकाळी सर्व्हिंग, म्हणजे स्ट्रिंगवर (धनुष्याच्या दोरीवर) गुंडाळलेल्या दोऱ्याचे वेढे, सुटलं आणि रविवारी सकाळी जिल्ह्याची निवड चाचणी असली, तर जगातलं सगळ्यात चांगलं दुकानही उपयोगाचं नाही. दुसऱ्या टोकाला, यूट्यूबवर पाहून घरच्या घरी कंपाउंडची (टोकांना चाकं असलेल्या धनुष्याची) स्ट्रिंग काढायला बसणारेही आहेत. ते काम दुकानाचंच आहे.

मग रेघ कुठे ओढायची? काम अवघड आहे की सोपं यावर ती ठरत नाही. हे काम किती वेळा करावं लागतं, चुकलं तर काय तुटतं, आणि त्यासाठी ताणलेले लिंब (धनुष्याचे वाकणारे हात) मोकळे करायला यंत्र लागतं का, एवढं पाहावं. महिन्यातून दोनदा लागणारं, चुकलं तर पुन्हा करता येणारं काम स्वतः शिकायचं. वर्षातून एकदा लागणारं आणि चुकलं तर लिंब फुटणारं काम बाहेर द्यायचं. पण काम कोणीही करो, मोजमाप तुमचंच असलं पाहिजे. ज्याला आपल्या धनुष्याची मापं माहीत नाहीत, त्याला दुकानानं काम नीट केलं की बिघडवलं हेही कळत नाही.

आधी मापांची वही

धनुष्य चांगलं चालत असतानाच सगळी मापं लिहून ठेवा. बिघडल्यावर घेतलेली मापं फारशी कामाची नसतात. रिकर्व्हसाठी (चाकं नसलेल्या धनुष्यासाठी) ब्रेस हाइट, वरचा आणि खालचा टिलर (ही दोन मापं कशी घ्यायची ते पुढे येतंच), नॉकिंग पॉइंटची (स्ट्रिंगवर बाण अडकवायच्या जागेची) उंची, बोटांवर येणारं पाउंडेज (ओढायला लागणारा जोर), प्लंजरचे (बाणाला बाजूनं टेकणाऱ्या स्प्रिंगच्या खुंटीचे) फेरे, स्ट्रिंगची लांबी आणि तिच्यातले धागे, बाणाची लांबी, पॉइंटचं (बाणाच्या पुढच्या टोकाचं) वजन. कंपाउंडसाठी एका ॲक्सलपासून (चाकाच्या आसापासून) दुसऱ्या ॲक्सलपर्यंतचं अंतर, ब्रेस हाइट, पाउंडेज, आणि नॉकपासून (स्ट्रिंगवर बसणाऱ्या बाणाच्या मागच्या टोकापासून) पीपपर्यंतचं (स्ट्रिंगमधल्या नेम धरायच्या भोकापर्यंतचं) अंतर.

हत्यारं थोडीच लागतात. बो स्क्वेअर (स्ट्रिंगवर अडकवायची काटकोनी मोजपट्टी) धनुर्विद्येचाच घ्यावा लागतो, बाकीचं गावात मिळतं. पाउंडेजसाठी वेगळ्या बो स्केलची गरज नाही. प्रवासाची बॅग तोलायचा 50 किलोचा डिजिटल काटा चालतो, मात्र ताणाचा सर्वांत मोठा आकडा धरून ठेवणारा बघून घ्या. त्याचा हुक नॉकिंग पॉइंटखाली अडकवायचा, क्लिकर (पूर्ण ओढल्यावर 'टक्' वाजणारी पट्टी) पडेल इथपर्यंत सरळ ओढायचं, आणि किलोला 2.2 नं गुणायचं. 18 किलो म्हणजे साधारण 40 पाउंड. ओढल्यावर स्ट्रिंग हुकातून सोडायची नाही, हळूहळू परत आणायची. बाणांसाठी सोनाराकडे असतो तसा 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. पॉइंटचं वजन ग्रेनमध्ये सांगतात, आणि एक ग्रॅम म्हणजे 15.43 ग्रेन. म्हणजे 100 ग्रेनचा पॉइंट साधारण साडेसहा ग्रॅमचा भरतो.

ॲलन की मात्र इंचाच्या मापाच्या घ्या. बहुतेक धनुष्यांचे स्क्रू इंचाच्या मापाचे असतात, आणि मिलिमीटरची 'जवळपास बसणारी' की त्यांचं षट्कोनी भोक गोल करून टाकते. आट्यांचंही तसंच. स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारा रॉड) आणि प्लंजर यांचा आटा 5/16-24 असतो, म्हणजे व्यास 7.94 मि.मी. हार्डवेअरच्या दुकानातला एम-8 बोल्ट 8 मि.मी.चा, आटे वेगळे. तो दोन फेरे जातो, मग अडतो, आणि 'थोडा जोर लावला की बसेल' म्हटलं की रायझरमधला (धनुष्याच्या मुठीच्या मधल्या भागातला) आटा गेलाच. साइटच्या (नेम धरायच्या साधनाच्या) 10-24 स्क्रूच्या जागी एम-5 लावला तरी हेच होतं. हरवतील असे दोन-चार स्क्रू धनुष्याबरोबरच मागवून ठेवा.

रिकर्व्ह: जवळपास सगळं घरी

रिकर्व्हमध्ये दुकानावाचून अडावं असं फार थोडं आहे. स्ट्रिंग चढवायला स्ट्रिंगर (त्यासाठीची खास दोरी) वापरा. धनुष्य दोन पायांत अडकवून चढवलं तर लिंब पिळतात, आणि पिळलेला लिंब पुन्हा सरळ होईल याचा भरवसा नसतो.

ब्रेस हाइट म्हणजे स्ट्रिंगपासून ग्रिपच्या सर्वांत खोल भागापर्यंतचं अंतर. ते प्लंजरच्या भोकापाशीही मोजतात. काहीही चालेल, फक्त दरवेळी एकच जागा ठेवा. 68 इंची धनुष्याला 21.5 ते 23 सें.मी. हा सुरुवातीचा पट्टा. स्ट्रिंगला तिच्याच दिशेनं पीळ वाढवला की ती आखूड होते आणि ब्रेस हाइट वाढते. पाच-पाच पीळ देत, प्रत्येक टप्प्यावर तीन-चार बाण मारत आवाज ऐका. एका जागी धनुष्य सगळ्यात शांत वाजतं, तिथे थांबा. पीळ पन्नासच्या वर न्यावे लागत असतील तर स्ट्रिंग लांब आहे. वीसच्या खाली येत असतील तर ती आखूड आहे. दोन्ही वेळी दुसरी स्ट्रिंग घ्या. नवी स्ट्रिंग पहिल्या शंभर-दोनशे बाणांत ताणते, तेव्हा त्या दिवशी घेतलेलं माप अंतिम धरू नका.

टिलर म्हणजे लिंब रायझरमधून जिथे बाहेर येतो तिथून स्ट्रिंगपर्यंतचं काटकोनातलं अंतर. एक बोट वर आणि दोन बोटं खाली अशी पकड असेल तर वरचं माप खालच्यापेक्षा 0 ते 5 मि.मी. जास्त ठेवून सुरुवात करतात. बदलायचा तर स्ट्रिंग उतरवा, लिंब बोल्टचा लॉक स्क्रू आधी सैल करा, बोल्ट अर्धा-अर्धा फेरा फिरवा, लॉक पुन्हा घट्ट. पाउंडेज वाढवायचं किंवा कमी करायचं असेल तर दोन्ही बोल्ट सारखेच फेरे फिरवायचे, म्हणजे टिलर हलत नाही. आयएलएफ (लिंब जोडायची प्रमाणित पद्धत) रायझरवर या बोल्टांनी पाउंडेज साधारण दहा टक्के हलवता येतं. त्यापलीकडे बोल्ट उघडला की दोनच आट्यांवर अख्खा लिंब तोललेला असतो. हद्द रायझरच्या पुस्तिकेत दिलेली असते.

लिंब सरळ आहेत का, हे बघायला दोन खुर्च्यांच्या पाठींवर धनुष्य आडवं ठेवा. दोन्ही लिंबांच्या मधोमध कागदी चिकटपट्टी लावून मध्यबिंदूची खूण करा आणि एक डोळा मिटून मागून बघा. स्ट्रिंगनं दोन्ही खुणा मधोमध कापल्या पाहिजेत, आणि पुढचा लांब रॉडही त्याच रेषेत दिसला पाहिजे. लिंबाच्या टोकाच्या खाचेत स्ट्रिंग एका बाजूला झुकलेली दिसली तर बहुधा पॉकेटमधला (रायझरवर लिंब बसतो त्या खोबणीतला) वॉशर किंवा पिन सरकवून ते सुटतं. सरळ करूनही झुकलेलीच राहिली तर लिंब पिळलेला आहे. मग फोटो काढा, दुकानाला पाठवा, आणि वॉरंटीचं बोलणं होईपर्यंत त्याला हात लावू नका.

नॉकिंग पॉइंट पितळी चिमटीचा लावण्यापेक्षा दोऱ्यानं बांधलेला बरा. पितळ फिंगर टॅबचं (बोटं वाचवणाऱ्या पट्टीचं) चामडं खातं, आणि एकदा दाबल्यावर हलवता येत नाही. दातांचा फ्लॉस किंवा उरलेला सर्व्हिंगचा दोरा घ्या. सर्व्हिंगवर एक गाठ पुढून, एक मागून, अशा आठ-दहा गाठी एकमेकींना चिकटून मारा, शेवटी दुहेरी गाठ. आधी खालचा पॉइंट बांधा. बो स्क्वेअर रेस्टवर (बाण टेकतो त्या आधारावर) टेकवा, आणि या पॉइंटचा वरचा काठ काटकोनाच्या रेषेपेक्षा 5-6 मि.मी. वर येईल असा धरा. मग नॉक लावून वरचा बांधा आणि दोघांमध्ये नॉकपेक्षा अर्धा मि.मी. जागा जास्त सोडा. ही फट नसेल तर पूर्ण ताणात स्ट्रिंगचा कोन वळतो, नॉक चिमटला जातो आणि बाण रेस्टवरून उचलला जातो. नवशिक्यांचे रेस्टवरून पडणारे बाण निम्मे वेळा यामुळेच पडतात. दोऱ्याचा पॉइंट सर्व्हिंगवर स्क्रूसारखा फिरवून वरखाली करता येतो. जागा पक्की झाली की मगच सुपरग्लूचा एक थेंब.

मधलं सर्व्हिंग उसवलं की पूर्ण नवी स्ट्रिंग मागवणारे बरेच जण असतात. सर्व्हिंग जिग (दोरा ताणून गुंडाळायचं साधन) आणि 0.019 किंवा 0.021 इंची दोऱ्याचं एक रीळ कितीतरी स्ट्रिंगना पुरतं. धनुष्य चढवलेलंच ठेवा आणि जुनं सर्व्हिंग किती ठिकाणापासून किती ठिकाणापर्यंत होतं ते मापून घ्या. मग दोऱ्याचं टोक स्ट्रिंगला लावून धरा आणि त्याच्यावरूनच आठ-दहा वेढे घट्ट घ्या, म्हणजे टोक गाडलं जातं. जिगचा ताण असा ठेवा की वेढे शेजारी-शेजारी बसतील आणि बोटांनी ढकलले तरी सरकणार नाहीत. शेवटी आठ-दहा वेढे उलट्या दिशेनं एका मोकळ्या फेऱ्यावर घेऊन टोक त्याखालून ओढायचं. पहिल्या वेळी हा शेवट हमखास सैल राहतो. पुन्हा करा.

सर्व्हिंग झालं की नॉकची पकड बघा. धनुष्य आडवं धरून बाण नॉकवर खाली लोंबता ठेवा. तो स्वतःच्या वजनानं पडता कामा नये, पण शेजारी स्ट्रिंगवर बोटानं टिचकी मारली की सुटला पाहिजे. टिचकीनं सुटत नसेल तर दोरा जाड झाला, आपोआप पडत असेल तर बारीक. सैल नॉक जास्त धोक्याचा. ओढताना तो स्ट्रिंगवरून घसरला आणि स्ट्रिंग सुटली, तर बाणाविना सुटलेलं धनुष्य आपलेच लिंब फोडतं.

बाण: कापणं सोडून बाकी सगळं

व्हेन आणि स्पिनविंग (बाणाच्या मागचे पंख) लावणं हे घरचंच काम. बाणागणिक पैसे देऊन किंवा पार्सल पाठवून ते करून घेण्यात अर्थ नाही. जुना व्हेन बोथट सुरीनं, पातं शाफ्टला (बाणाच्या नळीला) जवळजवळ समांतर ठेवून काढा. पातं उभं धरलं तर कार्बनचे धागे कापले जातात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं कापड काळं होणं थांबेपर्यंत पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल असतं आणि व्हेन दोन दिवसांत सुटतात. पुसलेल्या जागेला बोट लागलं तरी पुन्हा पुसा.

व्हेन चिकटवायच्या जिगमध्ये बाण नॉकवर फिरतो, म्हणून नॉक आधी पूर्ण आत बसलेला हवा. व्हेनच्या बुडाला गोंदाची एकच बारीक रेघ द्या. रेघ जाड झाली तर गोंद दोन्ही बाजूंना येतो, वाळायला वेळ लागतो आणि मागच्या टोकाचं वजन वाढतं. पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, 120 अंश फिरवा, पुढचा लावा. तिन्ही झाले की प्रत्येक व्हेनच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला एकेक थेंब. बाण बटमध्ये (लक्ष्यामागच्या गादीत) खोल घुसला की पुढचं टोकच आधी उचकटतं. फेविक्विकसारखा पातळ सुपरग्लू अडीअडचणीला चालतो, पण तो पसरतो आणि वाळल्यावर ठिसूळ होतो. जेलसारखा घट्ट प्रकार मिळत असेल तर तो घ्या. मागचं टोक नॉकच्या खाचेपासून साधारण 25 मि.मी. पुढे ठेवा, नाहीतर बोटं आणि हनुवटी व्हेनला घासतात. स्पिनविंगला गोंद लागत नाही. दुतर्फा चिकटपट्टीवर ते बसतात आणि पुढच्या-मागच्या टोकांवरून पातळ पट्टीचा वेढा येतो. मात्र डाव्या आणि उजव्या वळणाचे पंख एका संचात मिसळू नका.

पॉइंट बसवताना उष्णता पॉइंटला द्या, शाफ्टला कधीच नाही. कार्बन शाफ्ट ज्या रेझिननं बांधलेला असतो ते तापून मऊ पडतं, आणि तो बाण पुढे कधीतरी सुटताना फुटतो. कमी तापमानाला वितळणारी हॉटमेल्ट कांडी घ्या. पॉइंट पकडीत धरून निळ्या ज्योतीवर थोडाच तापवा, दांड्यावर गोंद फिरवा, गोल फिरवत आत ढकला, बाहेर आलेला गोंद लगेच पुसा. काढायचा असेल तर ज्योत नकोच. नुकतंच उकळलेलं पाणी पेल्यात घ्या, पॉइंट वीस-तीस सेकंद बुडवा आणि पकडीनं ओढा. पाणी शंभर अंशांपुढे जात नाही, म्हणून शाफ्ट वाचतो. बाण दुकानानं बसवून दिले असतील तर हॉटमेल्टनं बसवले की इपॉक्सीनं, हे विचारून ठेवा. इपॉक्सीचा पॉइंट या रीतीनं निघत नाही. आणि मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडच्या उन्हात बंद गाडीत बाण ठेवू नका. गोंद मऊ पडतो, आणि पुढचा बाण बटमधून उपसताना पॉइंट आतच राहतो.

कापणं मात्र बाहेर द्या. त्याला घासून कापणारी पातळ चकती आणि हजारोंच्या वेगानं फिरणारी मोटर लागते. हॅकसॉनं कडा फाटते, प्लंबरच्या पाइप कटरनं नळी चेचली जाते. ही चीर बाहेरून दिसत नाही आणि नेमकी पॉइंटमागे असते. शिवाय कार्बनची धूळ फुप्फुसात गेलेली चांगली नाही, म्हणून कापणाऱ्यानंही एन-95 मास्क, ओलं फडकं आणि मोकळी जागा ठेवायलाच हवी. पाच-सहा घरांनी किंवा एका अकादमीनं मिळून कटर घेतला तर गोष्ट वेगळी. दुकानाला शाफ्ट कापायला सांगाल तेव्हा पहिल्या फेरीत दोन-तीन सें.मी. लांबच ठेवायला सांगा. लांब बाण कापता येतो, आखूड झालेला वाढवता येत नाही. बाण आखूड झाला की तो कडकही होतो, त्याचा हिशेब पुढे ट्यूनिंगमध्ये येतोच.

स्पाइनचा आकडा कळला तर दुकानदाराशी बोलणं सोपं जातं. 28 इंचांवर टेकवलेल्या शाफ्टच्या मधोमध 1.94 पाउंडाचं वजन टांगलं की तो किती वाकतो, ते इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात. 600 म्हणजे 0.6 इंच. आकडा मोठा तितका बाण मऊ. आपल्याकडे सर्रास होणारी चूक म्हणजे लिंबावर छापलेलं पाउंडेज सांगून बाण मागवणं. तो आकडा 25 इंची रायझर आणि 28 इंची ड्रॉचा (स्ट्रिंग ओढण्याच्या लांबीचा) असतो. ड्रॉ एक इंचानं कमी-जास्त झाला की साधारण दोन पाउंडांचा फरक पडतो, आणि 23 इंची रायझरवर तेच लिंब दोनेक पाउंड जड लागतात. छोट्या ड्रॉच्या मुलाला 30 पाउंडांचे लिंब कदाचित 25 पाउंडच देत असतील. त्याला 30 च्या हिशेबानं दिलेले बाण कडकच निघणार. बॅगेच्या काट्यावर आलेला आकडा सांगा.

रोज सराव संपला की प्रत्येक कार्बन बाण कानाजवळ धरून दोन्ही बाजूंना हलका वाकवा आणि गोल फिरवत पुन्हा वाकवा. 'कट्' असा आवाज आला की तो बाण मोडून टाका, बाजूला ठेवू नका. बाजूला ठेवलेला बाण कोणीतरी लहान मूल उचलून मारतं.

ट्यूनिंग कोणाला देता येत नाही

'दुकानातून ट्यून करून आणलंय' असं ऐकू येतं. दुकान तुम्हाला सुरुवातीची मापं लावून देतं, त्यापुढचं देऊ शकत नाही. सुटताना बाण किती आणि कुठे वाकतो हे तुमची बोटं स्ट्रिंग कशी सोडतात यावर ठरतं, आणि दुकानदाराची बोटं तुमची नाहीत.

18 मीटरवर तीन व्हेनवाले आणि दोन बेअर शाफ्ट, म्हणजे व्हेन काढलेले बाण, एकाच ठिकाणी नेम धरून मारा. नवीन असाल तर दहा-बारा मीटरपासून सुरू करा, नाहीतर बेअर शाफ्ट आडवा लागून मोडतो. व्हेनच्या वजनाइतकी चिकटपट्टी त्याच जागी गुंडाळली तर तुलना खरी होते. बेअर शाफ्टच एकमेकांपासून फुटभर लांब पडत असतील तर धनुष्याला हात लावू नका. आधी सोडणं सुधारा.

उंचीचा फरक आधी काढा. बेअर शाफ्ट गटाच्या खाली पडत असतील तर नॉकिंग पॉइंट उंच आहे, खाली आणा. वर पडत असतील तर तो वर न्या. एका वेळी एक मि.मी. पुरे. मग डावं-उजवं. उजव्या हातानं ओढणाऱ्याचे बेअर शाफ्ट डावीकडे गेले तर बाण कडक आहे. थोडं पाउंडेज वाढवा, प्लंजरची स्प्रिंग सैल करा किंवा जड पॉइंट लावा. उजवीकडे गेले तर बाण मऊ, मग सगळं उलट, आणि शेवटचा उपाय बाण कापणं. म्हणूनच ते दोन-तीन सें.मी. राखून ठेवायचे होते. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं सुधारलं ते कधीच कळत नाही. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट वाचावं, वर-खाली तसंच राहतं.

कंपाउंड: तपासणं तुमचं, उघडणं दुकानाचं

2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंडमध्ये जगज्जेते झाले, आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा येते आहे. कंपाउंड घेणारी मुलं वाढणार. रिकर्व्हवर शिकलेला पालक किंवा मोठा भाऊ तीच सवय कंपाउंडवर नेतो, आणि तिथे घात होतो. रिकर्व्हची स्ट्रिंग उतरवली की ताण जातो. कंपाउंडमध्ये धनुष्य नुसतं टांगलेलं असतानाही लिंब ताणलेले असतात. ते दाबून धरायला बो प्रेसच लागतो.

त्यामुळे स्ट्रिंग आणि केबल बदलणं, त्यांना पीळ देणं, पीप बसवणं, कॅम (टोकांची चाकं) किंवा लिंब काढणं, हे सगळं प्रेसवरचं काम. ट्रकचे पट्टे, गाडीचा जॅक, दोघांनी मिळून दाबून धरणं, हे करू नका. सुटलेला लिंब चेहऱ्याच्या उंचीवर असतो. प्रेस आहे म्हणजे झालं असंही नाही. हल्लीच्या अनेक धनुष्यांचे लिंब जवळजवळ आडवे असतात, आणि ते टोकाशी धरणाऱ्या प्रेसमध्येच घालावे लागतात. लिंबाच्या मध्यावर दाबणारा जुना प्रेस त्यांना तडा देतो. देण्याआधी धनुष्याचं मॉडेल सांगून कोणता प्रेस आहे ते विचारा. हा प्रश्न विचारलेला चांगल्या दुकानाला आवडतो.

घरी काय करायचं ते डी-लूपपासून, म्हणजे रिलीज (स्ट्रिंग सोडायचं ट्रिगरचं साधन) अडकवायला स्ट्रिंगवर बांधलेल्या दोरीच्या फासापासून. त्याला प्रेस लागत नाही आणि तो सर्वांत लवकर झिजतो. 11-12 सें.मी. दोरी कापा. टोकं मोकळी करून लायटरनं वितळवा आणि किंचित दाबून भुछत्रासारखी करा, म्हणजे गाठीतून निसटत नाहीत. दोन गाठी एकमेकींच्या उलट बाजूंना येतील अशा मारा. एकाच बाजूला आल्या तर लूप फिरतो आणि पीपही फिरवतो. पकडीचं तोंड लूपमध्ये घालून उघडत ताण द्या. दोन-चार वेळा जोरात ओढून बघितल्याशिवाय रिलीज लावू नका. पूर्ण ताणात लूप सुटला तर रिलीज धरलेला हात तुमच्याच तोंडावर येतो. लूपवर केस निघाल्यासारखे धागे दिसले की त्याच दिवशी बदला.

मेण दर पंधरवड्याला, पावसाळ्यात जास्त वेळा. आधी साध्या दोऱ्याचा एक वेढा स्ट्रिंगभोवती घालून खाली ओढा, म्हणजे जुनं मेण आणि धूळ निघते. मग नवं मेण लावून बोटांनी घासा, बोटांना ऊब लागली पाहिजे. सर्व्हिंगवर मेण नको.

कॅमची वेळ जुळते का हे घरी बघता येतं. दोन्ही कॅमवर केबल जिथे टेकते तिथे पांढऱ्या करेक्शन पेननं बारीक रेघ मारून ठेवा. केबल ताणली की रेघ सरकलेली दिसते. दुसरी तपासणी दोघांनी करायची: बाण लावून, बटकडे तोंड करून, नेहमीसारखं ओढायचं, आणि दुसऱ्यानं बाजूनं पाहायचं की दोन्ही ड्रॉ-स्टॉप (ओढणं थांबवणारे अडसर) एकाच वेळी टेकतात का. दोन स्टॉप असलेल्या धनुष्यांनाच ही तपासणी लागू. एक आधी टेकत असेल तर केबलला अर्धा-एक पीळ हवा, म्हणजे प्रेस, म्हणजे दुकान. पण दुकानात 'काहीतरी बिघडलंय' म्हणून जाणं आणि 'वरचा स्टॉप आधी टेकतोय' म्हणून जाणं यात फार फरक आहे. दुसऱ्याचं काम दहा मिनिटांत होतं.

पाउंडेज लिंब बोल्टांनी घरी बदलता येतं, पण दोन्ही बोल्ट सारखेच आणि पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांच्या आत. वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या स्पर्धांत कंपाउंडला 60 पाउंडांची मर्यादा आहे, तपासणीत अडायचं नसेल तर काट्यावर बघूनच जा.

बाणाविना कंपाउंड सुटलं असेल, ट्रिगरला चुकून हात लागून का होईना, तर वरून सगळं ठीक दिसलं तरी पुन्हा ओढू नका. कापसाचा बोळा लिंबांच्या कडांवरून फिरवा. जिथे धागे अडकतात तिथे तडा आहे. कॅम वाकला असेल तो डोळ्यांना दिसतोच असं नाही, म्हणून बोळा कुठे अडकला नाही तरी हे धनुष्य दुकानात जायलाच हवं. तडा गेलेल्या लिंबावर सुपरग्लू ओतू नका. लिंब वाचत नाही आणि वॉरंटीही हातची जाते.

पाठवताना आणि परत आल्यावर

कुरिअरनं पाठवताना साइट, रेस्ट, स्टॅबिलायझर काढून ठेवा. साइटची आणि रेस्टची जागा आधी फोटोत आणि वहीत घ्या. सोबत कागदावर लिहा: ॲक्सलचं अंतर, ब्रेस हाइट, पाउंडेज, ड्रॉ, पीपचं अंतर, आणि नेमकं कोणतं काम हवंय. जुनी स्ट्रिंग आणि केबल परत मागा. ती ताणलेली असली तरी सर्व्हिंग कुठे होतं ते तिच्यावरच कळतं, आणि अडचणीला ती वापरता येते.

धनुष्य परत आलं की ओढण्याआधी सगळी मापं पुन्हा घ्या. ॲक्सलचं अंतर धनुष्यावरच्या स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा 3 मि.मी.पेक्षा जास्त वेगळं असेल तर फोन करा, बाण मारू नका. स्ट्रिंगची टोकं कॅमच्या खुंट्यांवर पूर्ण बसली आहेत का, केबल खाचेतच आहे का, लिंब बोल्ट दोन्हीकडे सारखे आत आहेत का, हे बोट फिरवून बघा. पहिले तीन बाण पाच मीटरवरून. पीप डोळ्यासमोर सरळ येतो का ते पाहा. नव्या स्ट्रिंगवर तो पहिल्या शंभरेक बाणांत थोडा वळतो, तेवढ्यासाठी लगेच परत पाठवू नका. शंभर बाणांनंतर करेक्शन पेनच्या रेघा नव्यानं मारा, मापं पुन्हा लिहा आणि तेव्हाच साइटचे आकडे लावायला घ्या.